घोड्यांच्या आतड्यांचा दीर्घकालीन दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कोणता आजार आहे?

घोड्याच्या आतड्याच्या भिंतीत लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल किंवा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने शिरतात आणि महिनोन्‌महिने तिथेच ठाण मांडतात, तेव्हा ती भिंत जाड होते, अन्नरस शोषणारे तिच्यावरचे बारीक अंकुर आखूड होत जातात आणि खाल्लेले अंगी लागेनासे होते. अशा आजारांच्या गटाला पशुवैद्यक ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’, थोडक्यात आयबीडी म्हणतात. घोड्याचे लहान आतडे सुमारे वीस मीटर लांब असते, त्यामुळे आजाराने त्याचा किती भाग आणि कोणता भाग धरला आहे, यावर लक्षणे पुष्कळच बदलतात.

या आजाराबाबत एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक वाटते. आयबीडी हे निदान वाळलेल्या घोड्याकडे पाहून करता येत नाही. इतर कारणे एकेक करून बाजूला सारल्यावर, आणि शक्य असेल तिथे आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच त्या निदानाला अर्थ येतो. पुढील बहुतेक उत्तरे या क्रमाभोवतीच फिरतात, कारण हा क्रम चुकला की उपचारच घोड्याच्या जिवावर उठू शकतो.

या आजाराचे प्रकार कोणते?

भिंतीत कोणत्या पेशी जमल्या आहेत, त्यावरून प्रकार ठरतात. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी जमल्या असतील तर तो लिम्फोसायटिक-प्लाझ्मासायटिक प्रकार होय. तो कोणत्याही वयाच्या आणि जातीच्या घोड्यात आढळतो. त्याच्याबाबत सावध राहण्याचे कारण असे की, आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोग सुरुवातीला अगदी असाच दिसू शकतो, आणि काही घोड्यांमध्ये हा दाह त्या कर्करोगाची पूर्वअवस्था असावा अशी शंका तज्ज्ञांना आहे.

ग्रॅन्युलोमॅटस प्रकारात मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट यांच्या गाठी बनतात. हा प्रकार मुख्यतः तरुण घोड्यांत, आणि त्यातही गाडी ओढत दुडकी चालीने धावणाऱ्या स्टँडर्डब्रेड जातीत वर्णिलेला आहे. माणसांतील क्रोन्स आजाराशी आणि गुरांतील जोन्स आजाराशी त्याचे सूक्ष्मदर्शकाखालील साम्य मोठे आहे. तथापि, जोन्स आजाराचा जंतू या घोड्यांत सहसा सापडत नाही.

इओसिनोफिल जमण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत केल्यास मालकाला चुकीची आशा किंवा चुकीची भीती दाखवली जाते. एका प्रकारात इओसिनोफिल आतड्यापुरते न थांबता त्वचा, यकृत, स्वादुपिंड, लाळग्रंथी आणि कधी फुप्फुसे यांतही शिरतात. अशा घोड्याच्या खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपून खूर सुरू होतो तिथे, भेगा आणि खपल्या दिसतात, तोंडात व्रण येतात, चेहऱ्यावरची आणि पायांवरची त्वचा कोंड्यासारखी सुटत राहते. या प्रकारात घोडा वाचण्याची शक्यता कमी असते. दुसऱ्या प्रकारात लहान आतड्याच्या एखाद्याच जागी इओसिनोफिलांची पट्टी किंवा कडे तयार होते, तेवढ्या भागात वाट अरुंद होते आणि पूर्ण धडधाकट दिसणाऱ्या घोड्याला अचानक तीव्र पोटशूळ उठतो. ब्रिटनमधील अभ्यासात हा दुसरा प्रकार तरुण घोड्यांत आणि जुलै ते नोव्हेंबर या महिन्यांत अधिक आढळला. शस्त्रक्रियेनंतर यातील बहुसंख्य घोडे चांगले जगतात.

कारण काय?

एकच कारण सांगता येत नाही. खाद्यातील प्रथिने, आतड्यातील जिवाणू किंवा जंत यांच्याविरुद्ध रोगप्रतिकारक यंत्रणा प्रमाणाबाहेर आणि थांबल्याशिवाय पेटून उठते, असा सर्वसाधारण समज आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी आयबीडी असलेल्या काही घोड्यांच्या रक्तात ग्लूटेनशी संबंधित प्रतिपिंडे वाढलेली दाखवली होती. ग्लूटेनमुळेच सर्व घोड्यांना हा आजार होतो असे त्यावरून सिद्ध होत नाही. मात्र गहू आणि जव यांवर पोसलेल्या आजारी घोड्याची चंदी बदलून पाहण्यास ते पुरेसे कारण आहे.

हा संसर्गजन्य आहे का?

नाही. शेजारच्या ठाणावरील घोड्याला तो लागत नाही. पण निदान पक्के होईपर्यंत घोडा वेगळा ठेवावा आणि त्याची लीद उचलणाऱ्याने हात साबणाने धुवावेत, कारण दीर्घकाळ रेंगाळणारा साल्मोनेलाचा संसर्ग अशीच लक्षणे दाखवतो आणि तो इतर घोड्यांना, तसाच माणसांनाही होतो.

कोणती लक्षणे दिसतात? जुलाब नसतील तर आयबीडी नाही असे समजावे का?

असे समजू नये. घोड्याचे मोठे आतडे पाणी शोषून घेण्यात इतके समर्थ असते की, आजार लहान आतड्यापुरता असेल तर लीद शेवटपर्यंत गोळ्यांची आणि घट्ट राहू शकते. जुलाब दिसू लागले तर मोठे आतडेही धरले गेल्याची शक्यता वाढते.

सर्वांत सातत्याने आढळणारे लक्षण म्हणजे वजन घटणे. त्याच्याबरोबर वारंवार येणारा सौम्य पोटशूळ असतो. घोडा चंदी खाऊन झाल्यावर कुशीकडे वळून पाहतो, वरचा ओठ मुडपतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो आणि तासाभरात पुन्हा चारा खाऊ लागतो. घोड्याची रोजची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला हे ठाऊक असते, मालकाला बहुधा नसते. म्हणून पशुवैद्यकाने इतिहास विचारताना मोतद्दार समोर असावा, असा आमचा आग्रह आहे. याखेरीज केस निस्तेज आणि लांबट होणे, कामात लवकर थकणे, आणि रक्तातील प्रथिने फार घटल्यास पोटाखाली, छातीखाली व पायांवर सूज उतरणे ही लक्षणे दिसतात. त्या सुजेवर बोट दाबून धरल्यास खळगा पडतो आणि तो काही क्षण तसाच राहतो. भूक कमी होते, नेहमीसारखी राहते किंवा वाढतेही. त्यामुळे भुकेवरून काहीच ठरवता येत नाही.

घोडा भरपूर खातो, तरी वाळत चालला आहे. आयबीडीच असेल का?

बहुधा नसेल. या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुद्दाम विस्ताराने देत आहोत, कारण आपल्याकडे वाळलेल्या घोड्यांमागे याहून कितीतरी सामान्य कारणे असतात आणि त्यांतील अनेकांवर तुलनेने स्वस्त उपचार आहेत.

पहिले कारण दात. दाढांच्या कडांना धार आली, एखादी दाढ तुटली किंवा वर वाढली तर घोडा खाताना दिसतो, पण त्याने अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे बोळे गव्हाणीखाली पडलेले असतात आणि लिदीत लांब काड्या व अख्खे हरभऱ्याचे दाणे सापडतात. तोंड उघडे ठेवणारा जबडा-फासा लावून आणि उजेड घेऊन दाढा पाहिल्याशिवाय दात चांगले असल्याचे कोणी सांगू नये.

दुसरे कारण जंत. मोठ्या आतड्याच्या भिंतीत कवच करून बसलेल्या लहान लाल जंतांच्या अळ्या अंडी घालत नाहीत, म्हणून लिदीच्या तपासणीत अंडी शून्य आली तरी आतड्यात हजारो अळ्या असू शकतात. त्या एकाच वेळी बाहेर पडू लागल्या की दाह, जुलाब, सूज आणि झपाट्याने होणारी घट असे आयबीडीचे हुबेहूब चित्र उभे राहते. नेहमीचे एका मात्रेचे जंतनाशक या अळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

तिसरे कारण भारतात विशेष महत्त्वाचे आहे आणि परदेशी पुस्तकांच्या याद्यांमध्ये ते बहुधा तळाशी असते. सरा हा आजार ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या रक्तातील परजीवीमुळे होतो आणि चावणाऱ्या घोडमाश्या तो पसरवतात. पावसाळ्यात व त्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. मधूनमधून चढउतार होणारा ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, पोटाखालची सूज आणि चांगले खाऊनही होणारी घट ही सरा झालेल्या घोड्याची ओळख आहे. गोचिडांमुळे पसरणारा थायलेरिया हाही असाच वर्षानुवर्षे दबून राहतो. या घोड्यांना आयबीडी समजून स्टेरॉइड, म्हणजे दाह शमवणारे औषध, दिल्यास प्रतिकारशक्ती दबते आणि लपलेला परजीवी उसळी घेतो. म्हणून स्टेरॉइडची पहिली सुई टोचण्यापूर्वी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला असावा आणि शक्य असल्यास नमुना अधिक संवेदनशील चाचणीसाठी पाठवलेला असावा. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या दोन्ही आजारांच्या चाचण्या होतात.

याशिवाय नदीकाठी किंवा रेताड जमिनीवर चारा टाकल्यामुळे पोटात साठलेली वाळू, लंगडेपणासाठी दीर्घकाळ दिलेल्या फिनाइलब्युटाझोनसारख्या वेदनाशामकांमुळे मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागात पडलेले व्रण, जठरातील व्रण, यकृताचे आणि मूत्रपिंडाचे आजार, गळफुगी या गळ्याच्या संसर्गानंतर पोटात राहिलेले गळू, आणि लिम्फोमा यांचा विचार करावा लागतो. वेदनाशामकांबाबत मालक बहुधा ‘काहीच दिलेले नाही’ असे सांगतात, कारण पावडर नालबंदाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून चंदीत मिसळलेली असते आणि तिला कोणी औषध मानत नाही. कृपया ही माहिती लपवू नये.

आणि शेवटी, खाद्य खरोखर किती मिळते ते वजन करून पाहावे. सुमारे 365 किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडे खाद्य लागते. लग्नसराईत दिवसभर उभ्या असलेल्या किंवा चढउतारावर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याच्या वाट्याला तोबऱ्यातील मूठभर चंदी आणि वाळके गवत एवढेच येत असेल, तर त्याच्या घटीचे कारण आतड्यात शोधण्याची गरज नाही.

वजनकाटा नाही. घट झाली हे कसे ओळखावे?

शिंप्याची फीत पुरेशी आहे. ढोपरामागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला 11,880 ने भागावे. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 365 किलो येते. हा आकडा अचूक नसतो, पण एकाच माणसाने, एकाच फितीने, आठवड्यातून एकदा सकाळी मोजून वहीत लिहिल्यास चढउतार निश्चित कळतो. उपचाराचा परिणाम मोजण्यासाठीही पुढे हीच वही कामाला येते. हिवाळी केसांखाली बरगड्या लपतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, बोटे फिरवून पाहावीत.

रक्ताच्या तपासणीत काय दिसते?

अल्ब्युमिन या प्रथिनाची घट हा सर्वांत बोलका पुरावा असतो, कारण सुजलेल्या भिंतीतून ते आतड्यात झिरपत राहते. सौम्य रक्तक्षय आणि दाह दाखवणाऱ्या फायब्रिनोजेनची वाढ आढळू शकते. सर्वांगी इओसिनोफिलिक प्रकारात यकृताशी संबंधित विकरेही वाढलेली असू शकतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा : आतड्यात इओसिनोफिल खच्चून भरलेले असतानाही रक्तातील त्यांची संख्या बहुधा सामान्य असते. म्हणून रक्ताच्या अहवालात ते वाढलेले नाहीत एवढ्यावरून तो प्रकार नाकारता येत नाही.

ग्लुकोज शोषण चाचणी कशी करतात आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा?

या आजाराच्या निदानात सर्वांत उपयुक्त आणि महाराष्ट्रातील कोणत्याही तबेल्यात करता येण्याजोगी हीच चाचणी आहे. तरीही ती फार कमी वेळा केली जाते, याचे वाईट वाटते.

आदल्या रात्री घोड्याचे खाणे काढून घेतात आणि बारा ते अठरा तास उपाशी ठेवतात. ठाणात अंथरलेला पेंढाही काढावा लागतो किंवा तोंडाला जाळी बांधावी लागते, नाहीतर उपाशी घोडा अंथरूणच खातो आणि चाचणी वाया जाते. सकाळी पहिला रक्तनमुना घेतल्यावर नाकातून जठरात नळी घालून शरीराच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम ग्लुकोज, कोमट पाण्यात वीस टक्के द्रावण करून, सोडतात. 365 किलोच्या घोड्याला 365 ग्रॅम ग्लुकोज आणि सुमारे 1.8 लिटर द्रावण होते. त्यानंतर दोन तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाला मानेच्या शिरेतून रक्त घेतात. नमुने फ्लोराइड असलेल्या करड्या झाकणाच्या नळीतच घ्यावेत, कारण साध्या नळीत रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. घोडा शांत राहावा म्हणून झायलाझीन देण्याचा मोह टाळावा. ते रक्तातील साखर वाढवते आणि आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणजे आलेख दोन्ही बाजूंनी बिघडतो.

निरोगी घोड्यात साधारण दोन तासांनी साखर मूळ पातळीपेक्षा 85 टक्क्यांहून अधिक वाढते. उपाशीपोटी 90 असेल तर ती 166 च्या पुढे जायला हवी. वाढ 15 ते 85 टक्क्यांच्या दरम्यान राहिल्यास शोषण अर्धवट आहे, आणि 15 टक्क्यांहून कमी राहिल्यास, म्हणजे या उदाहरणात 103 च्या पुढे आकडा सरकलाच नाही तर, शोषण जवळपास बंद आहे असे मानतात.

सपाट आलेख लहान आतडे काम करत नसल्याचे दाखवतो, ते का करत नाही हे दाखवत नाही. पसरलेला दाह आणि पसरलेला लिम्फोमा यांचे आलेख सारखेच येतात. जठर उशिरा रिकामे झाले तरी आलेख खाली राहतो. उलट, आजार केवळ मोठ्या आतड्यात असेल तर आलेख पूर्ण सामान्य येईल.

सोनोग्राफी आणि बायोप्सी दोन्ही आवश्यक आहेत का?

सोनोग्राफीने पोटाच्या भिंतीतून लहान आतड्याची जाडी मोजता येते. ती साधारण तीन मिलिमीटरपर्यंत असते. अनेक ठिकाणी ती याहून स्पष्टपणे जास्त आढळली तर शंका बळावते. परंतु आतड्याचा मोठा भाग सोनोग्राफीच्या टप्प्यात येतच नाही.

गुदाशयाची बायोप्सी ऐकायला भयंकर वाटते, प्रत्यक्षात ती उभ्या घोड्यावर काही मिनिटांत होते. पशुवैद्यक गुदद्वारापासून सुमारे तीस सेंटिमीटर आत, वरच्या मधल्या रेषेवरील रक्तवाहिन्या टाळून तिच्या किंचित डाव्या किंवा उजव्या बाजूला, श्लेष्मल पडद्याची घडी चिमटीत धरून लहान तुकडा घेतात. त्या भागात वेदना फारशी जाणवत नाही. अर्थात, गुदाशयात दाह नसला म्हणजे वरच्या वीस मीटरमध्येही नाही असे होत नाही. तीन मीटर लांबीच्या दुर्बिणीने जठरापलीकडील लहान आतड्याच्या पहिल्या भागातून तुकडे घेता येतात, पण तेही केवळ आतल्या थराचे असतात. पोट उघडून किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने घेतलेला, भिंतीच्या सर्व थरांचा तुकडा हाच निर्णायक पुरावा होय. कुपोषित आणि कमी प्रथिनांच्या घोड्यात जखम नीट भरत नाही, म्हणून तो निर्णय सहज घेतला जात नाही. व्यवहारात बहुतेक घोड्यांवर इतिहास, अल्ब्युमिन, ग्लुकोज चाचणी, सोनोग्राफी आणि गुदाशयाचा तुकडा यांच्या एकत्रित आधारावर उपचार सुरू होतात, आणि ते योग्यच आहे.

उपचारांची सुरुवात कुठून करतात?

जंतांपासून. भिंतीतील अळ्यांवर काम करणारे मॉक्सिडेक्टिन, किंवा पाच दिवस सलग फेनबेंडाझोल, असे दोन मार्ग आहेत. फेनबेंडाझोलला दाद न देणारे जंत जगभर पसरले आहेत, म्हणून कोणता मार्ग घ्यायचा हे त्या तबेल्याचा पूर्वेतिहास पाहून ठरवावे. अळ्या मरताना दाह तात्पुरता वाढतो, त्यामुळे अशक्त घोड्यात पशुवैद्यक अनेकदा स्टेरॉइडचे संरक्षण देऊनच जंतनाशक वापरतात.

त्यानंतरचा मुख्य आधार स्टेरॉइडचाच. आतडे शोषण करत नसताना तोंडावाटे दिलेले औषध रक्तात पोहोचेलच अशी खात्री नसते, म्हणून सुरुवातीला डेक्सामेथासोन सुईवाटे देणे अधिक तर्कसंगत आहे. सामान्यतः शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.05 ते 0.1 मिलिग्रॅम इतकी मात्रा वापरली जाते. तीन-चार आठवड्यांत वजन आणि अल्ब्युमिन सुधारले तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर आणतात, पुढे दिवसाआड करतात, आणि संपूर्ण उपचार काही महिने चालतो. घोडा भरू लागला म्हणून मालकाने औषध एकाएकी थांबवणे हे आजार उलटण्याचे ठरलेले कारण आहे. स्टेरॉइडला दाद मिळाली नाही तर काही पशुवैद्यक ॲझाथायोप्रिन जोडतात, तर मोठ्या आतड्याच्या आजारात मेट्रोनिडाझोल.

गोळ्यांबाबत औषधाच्या दुकानात विशेष काळजी घ्यावी. प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही माणसांमध्ये एकमेकांच्या जागी चालणारी औषधे आहेत. घोड्यात प्रेडनिसोन तोंडावाटे दिल्यास त्याचे क्रियाशील औषध पुरेसे बनतच नाही, म्हणजे महिनाभर गोळ्या देऊनही घोड्याला उपचार मिळालेलाच नसतो. पाकिटावरील नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे.

स्टेरॉइडमुळे खूर धरतात असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

धोका खरा आहे. खुराच्या आतील पापुद्र्यांना दाह होऊन, म्हणजे लॅमिनायटिस होऊन, घोडा कायमचा निकामी होऊ शकतो. लठ्ठ असलेले, इन्सुलिनचा बिघाड असलेले आणि पिट्युटरी ग्रंथीच्या विकाराचे वयस्क घोडे यांना तो धोका अधिक असतो. आयबीडीचा घोडा बहुधा कृश असतो, त्यामुळे या भीतीने आवश्यक उपचार नाकारणे चूक ठरेल. मोतद्दाराने रोज सकाळी चारही खुरांची उष्णता हाताने पाहावी, घोट्याच्या मागच्या बाजूला बोटांनी नाडी चाचपावी, आणि घोडा वळताना पाय चोरतो का याकडे लक्ष द्यावे. नाडी ठळकपणे उडू लागली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवावे. उपचाराच्या काळात जखमा आणि ताप यांकडेही दुर्लक्ष करू नये, कारण स्टेरॉइडखाली संसर्ग मुकाट्याने वाढतो. लसीकरणाचे वेळापत्रकही पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे.

खायला काय द्यावे?

एकाच वेळी भरपूर चंदी घालणे हा प्रेमाचा भाग असला तरी आजारी आतड्याला तो भार होतो. दिवसाचे खाद्य चार ते सहा वेळांत विभागावे. लहान आतडे नीट शोषत नसेल तर धान्यातील पिष्ट तसेच पुढे जाऊन मोठ्या आतड्यात आंबते, म्हणून पोषणाचा भर मोठ्या आतड्यात पचणाऱ्या चांगल्या प्रतीच्या तंतुमय चाऱ्यावर ठेवावा. कोवळे असताना कापून वाळवलेले गवत आणि लसूणघास यांचा येथे सर्वाधिक उपयोग होतो. गव्हाचा भुसा व जाडाभरडा कडबा टाळावा. बीटचा चोथा मिळाल्यास भिजवून द्यावा.

ऊर्जेसाठी सोयाबीनचे किंवा करडईचे तेल अर्ध्या वाटीपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवता येते. लीद तेलकट किंवा सैल झाली तर मागचे प्रमाण गाठावे. प्रथिनांसाठी शिजवलेले किंवा प्रक्रिया केलेले सोयाबीन चालते. गव्हाचा कोंडा मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा फार जास्त दिला जातो. त्यात कॅल्शियमच्या तुलनेत फॉस्फरस खूप असतो आणि सतत दिल्यास हाडे कमकुवत होतात. आजारी घोड्यासाठी तर तो वगळलेलाच बरा.

खाद्यबदलाचा प्रयोग करायचा असेल तर चंदीतील घटक एकदम पाच बदलू नयेत. गहू, जव आणि त्यांचा कोंडा पूर्ण काढून किमान सहा ते आठ आठवडे साधा चारा आणि एकच प्रथिनस्रोत ठेवावा, अन्यथा सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

ताक, हळद, प्रोबायोटिक यांचा उपयोग होतो का?

आयबीडी बरा करण्यासाठी यांतील कशाचाही भक्कम पुरावा नाही. साधे ताक थोड्या प्रमाणात सहसा अपाय करत नाही. अपाय होतो तो त्यांच्या भरवशावर घालवलेल्या दोन महिन्यांचा, कारण त्या काळात अल्ब्युमिन इतके खाली जाते की पुढे शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइड दोन्ही अवघड होतात.

शिंगराला सूज आणि जुलाब आहेत. तोही आयबीडी का?

साधारण चार ते सात महिन्यांच्या, नुकत्याच दूध तुटलेल्या शिंगरात लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस या जिवाणूचा विचार सर्वप्रथम करावा. तोही लहान आतड्याची भिंत जाड करतो, अल्ब्युमिन कोसळते, पोटाखाली सूज येते आणि शिंगरू पोट सुटलेले व खडबडीत केसांचे दिसते. फरक असा की हा आजार लिदीच्या पीसीआर चाचणीने आणि रक्तातील प्रतिपिंडांनी ओळखता येतो, आणि योग्य प्रतिजैविकांनी बहुतेक शिंगरे बरी होतात. अशा शिंगराला आयबीडी म्हणून स्टेरॉइडवर ठेवणे हा टाळता येण्याजोगा अनर्थ आहे.

शस्त्रक्रिया कधी करतात?

आतड्यात एकाच ठिकाणी अडथळा असेल तेव्हा. काही घोड्यांत शल्यचिकित्सक तो भाग कापून जोड देतात, काहींत अडकलेले द्रव पुढे ढकलून वाट मोकळी करणेही पुरते आणि सूज नंतर ओसरते. पसरलेल्या आजारात वीस मीटरचे आतडे कापून काढणे शक्य नसल्याने शस्त्रक्रियेचा उपयोग निदानापुरताच असतो.

घोडा बरा होतो का?

जुन्या पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नकारार्थीच असे, कारण त्या काळी निदान बहुधा शवविच्छेदनात होई आणि सर्वांत वाईट घोडेच मोजले जात. फिनलंडमध्ये आयबीडीची चिन्हे असलेल्या 20 घोड्यांना जंतनाशक आणि स्टेरॉइड देऊन त्यांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक घोडे तीन वर्षांनंतरही जिवंत होते. सुरुवातीच्या उपचाराला दिलेला प्रतिसाद हाच पुढील आयुष्याचा सर्वांत चांगला अंदाज ठरला. म्हणून पहिल्या काही आठवड्यांची वही, दर दोन आठवड्यांचे अल्ब्युमिन आणि पुन्हा केलेली ग्लुकोज चाचणी यांना इतके महत्त्व आहे. अल्ब्युमिन फार खाली गेलेला, सर्वांगी इओसिनोफिलिक प्रकाराचा, किंवा स्टेरॉइडला अजिबात प्रतिसाद न देणारा घोडा यांच्याबाबत मात्र मालकाला खोटी आशा दाखवू नये.

उपचार चालू असताना काम, शर्यत किंवा विक्री चालते का?

वजन घटत असताना कामाला जुंपू नये. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार आजारामुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामाला लावणे हा गुन्हा आहे. सुधारणा स्थिर झाल्यावर हातात धरून फिरवणे आणि मग हलकी सवारी असा क्रम ठेवावा. शर्यतीच्या व स्पर्धेच्या घोड्यांत स्टेरॉइड हे नियंत्रित औषध आहे, त्यामुळे प्रशिक्षक आणि क्लबच्या पशुवैद्यकाला लेखी कळवल्याशिवाय घोडा उतरवू नये.

सारंगखेड्याच्या बाजारासारख्या ठिकाणी घोडा विकायला नेताना स्टेरॉइडवर भरलेले अंग दाखवून आजार लपवणे ही फसवणूक आहे. नवा मालक औषध देणार नाही आणि काही आठवड्यांत घोडा पुन्हा खंगेल. आजार, औषधाचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून द्यावी.

घोडा गेला तर शवविच्छेदन करावे का?

करावे, आणि उशीर न करता करावे. आतड्याचे अस्तर मृत्यूनंतर काही तासांतच सुटू लागते आणि उन्हाळ्यात तर याहूनही लवकर. त्यानंतर दाह आणि कुजणे यांतील फरक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे कठीण होते. लहान आतड्याचे तीन-चार ठिकाणचे, मोठ्या आतड्याचे, यकृताचे, स्वादुपिंडाचे आणि आतड्यालगतच्या लसीका गाठींचे तुकडे एक सेंटिमीटरहून जाड न ठेवता, तुकड्यांच्या दहापट इतक्या, दहा टक्के तीव्रतेच्या फॉर्मॅलिनमध्ये घालावेत. आतड्याचा तुकडा अलगद उघडावा, अस्तर बोटांनी पुसू नये. परळ, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाशी आधी फोनवर बोलून घ्यावे आणि नमुन्यांबरोबर वजनाची वही, रक्ताचे अहवाल आणि दिलेल्या सर्व औषधांची यादी पाठवावी. त्याच तबेल्यात इतर घोडे असतील तर लाल जंत, साल्मोनेला किंवा सरा यांपैकी काही सापडल्यास त्यांच्यावर लगेच उपचार सुरू करता येतात.